रस्तावर्गीकरण, अंकीय नकाशांतील

रस्तावर्गीकरण, अंकीय नकाशांतील : संगणकाच्या साहाय्याने साठविल्या व दाखविल्या जाणाऱ्या नकाशातील प्रत्येक रस्त्याला त्याची मालकी, कार्य व बांधणी यांनुसार ठराविक वर्ग देण्याची पद्धती. कागदी नकाशावर रेषेचा रंग व जाडी पाहून रस्त्याचे महत्त्व वाचक स्वतः ताडतो. अंकीय नकाशात रस्त्याचा वर्ग हा रेषेला जोडून साठविलेला शब्द किंवा अंक असतो आणि तो प्रथम संगणक वाचतो. रेषा कोणत्या रंगाने काढावयाची, नकाशाचे प्रमाण लहान झाल्यावर ती ठेवावयाची की गाळावयाची आणि दोन गावांमधील मार्ग शोधताना तिच्यावर किती वेग गृहीत धरावयाचा, हे तिन्ही निर्णय बव्हंशी या एका शब्दावर अवलंबून असतात. त्यामुळे वर्ग चुकल्यास नकाशाचे केवळ रूप बिघडत नाही, तर प्रवासी चुकीच्या वाटेला लागतो, किंवा एखादी वाडी नकाशावर रस्त्याविना दिसू लागते.

पूर्वपीठिका : भारतीय सर्वेक्षण खात्याच्या (स्थापना १७६७) स्थलवर्णनात्मक नकाशांत रस्त्यांचे पक्के (खडीचे), कच्चे, गाडीवाट, लमाणी किंवा ओझ्याच्या जनावरांची वाट आणि पायवाट असे प्रकार वेगवेगळ्या चिन्हांनी दाखविण्याची प्रथा आहे. पक्क्या व कच्च्या रस्त्यांच्या चिन्हांत पुन्हा ‘महत्त्वानुसार’ भेद केलेला असतो. म्हणजे रस्त्याचा पृष्ठभाग व त्याचे महत्त्व या दोन भिन्न गोष्टी एकाच चिन्हात एकत्र आल्या. एक इंचास एक मैल आणि पुढे १ : ५०,००० या प्रमाणांवरील नकाशांत ही तडजोड चालून गेली; कारण नकाशा वाचणारा माणूस चिन्हाच्या जोडीला डोंगर, नदी व समोच्च रेषाही पाहत असे. मेढा, महाबळेश्वर व सातारा यांचा परिसर ज्या ‘४७ जी’ या अंशपत्रकात येतो, त्यात सह्याद्रीच्या समोच्च रेषांची दाटी पाहूनच गाडीरस्ता किती वळणांचा असेल, याचा अंदाज वाचकास येतो. संगणकाला मात्र मुद्दाम सांगितल्याखेरीज हा अंदाज करता येत नाही.

महसुली नकाशांची परंपरा याहून निराळी आहे. गावनकाशात गाडीमार्ग व पायमार्ग तुटक रेषांनी दाखवितात. पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट, पायवाट, हमरस्ता हे मराठीतील रूढ शब्द मुख्यतः वहिवाटीचा हक्क व वापर सांगणारे आहेत; त्यांवरून रस्त्याची रुंदी वा वेग कळत नाही.

शासकीय वर्गवारी : भारतातील रस्त्यांचा एकत्रित विचार करण्यासाठी मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये एक समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींनंतर मध्यवर्ती रस्तानिधी (१९२९) व इंडियन रोड्स काँग्रेस ही तंत्रज्ञांची संस्था (१९३४) अस्तित्वात आली. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (पुढे राज्य) महामार्ग, जिल्हा मार्ग (प्रमुख व इतर) आणि ग्रामीण मार्ग अशी वर्गवारी सुचविली. ही ‘नागपूर योजना’ आजच्या भारतीय वर्गवारीचा पाया होय.

राष्ट्रीय महामार्गांसाठी १९५६ चा केंद्रीय अधिनियम लागू आहे. महाराष्ट्रात १९५५ च्या मुंबई (आता महाराष्ट्र) महामार्ग अधिनियमानुसार अन्य रस्त्यांची वर्गवारी होते. प्रमुख राज्यमार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा), इतर जिल्हा मार्ग (इजिमा) व ग्रामीण मार्ग (ग्रामा) हे तिचे वर्ग आहेत. सामान्यतः राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. त्यामुळे या वर्गवारीचा पहिला अर्थ प्रशासकीय आहे. रस्ता कोणी बांधावा, कोणी दुरुस्त करावा व खर्च कोणत्या लेखाशीर्षातून व्हावा, हे तिच्यावरून ठरते.

पुढे लखनौ योजनेने (१९८१–२००१) रस्त्यांचे प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक असे तीन गट पाडले. द्रुतगती मार्ग व राष्ट्रीय महामार्ग प्राथमिक. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग द्वितीयक. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग तृतीयक, अशी ही विभागणी होय.

राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलण्यात आले. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य मार्गांना सम व पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक असतात. तीन अंकी क्रमांकातील शेवटचे दोन अंक मुख्य मार्ग दर्शवितात. साताऱ्यावरून जाणारा पुणे–बंगळूर महामार्ग पूर्वी क्र. ४ होता, तो आता दिल्ली–चेन्नई क्र. ४८ या मार्गाचा भाग आहे. कोकणातील क्र. १७ चा क्र. ६६ झाला व त्याची शाखा म्हणून रत्नागिरी–कोल्हापूर–मिरज–सोलापूर या दिशेने जाणारा मार्ग क्र. १६६ ठरला. रस्ते होते तेथेच राहिले. परंतु अंकीय नकाशांत ज्या नोंदी क्रमांकावरून केलेल्या होत्या, त्या सर्व बदलाव्या लागल्या. वर्ग व क्रमांक स्वतंत्र रकान्यांत ठेवणे का आवश्यक आहे, ते यावरून ध्यानात येते.

अंकीय नकाशाची रचना : अंकीय रस्ता-नकाशा हा बिंदू व त्यांना जोडणारे रेषाखंड यांचा समूह असतो. प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश साठवितात. रस्ते जेथे एकमेकांस मिळतात, तेथे सामाईक बिंदू असावा लागतो. दोन रेषा नुसत्या एकमेकींवरून गेल्या, तर संगणकाच्या दृष्टीने तो उड्डाणपूल किंवा बोगदा ठरतो व तेथे वळता येत नाही. प्रत्येक रेषाखंडाला वर्ग, क्रमांक, नाव, पृष्ठभाग, मार्गिकांची संख्या, एकेरी वाहतूक, वेगमर्यादा इ. गुणविशेष जोडतात. रस्त्याचा एखादा गुणविशेष जेथे बदलतो, तेथे रेषेचे दोन खंड करतात.

एकेरी वाहतुकीच्या नोंदीचे उत्तम उदाहरण खंबाटकी घाटात मिळते. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहने अनेक वर्षे घाटरस्त्याने चढत, तर साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी वाहने बोगद्यातून जात. दोन्ही वाटा एकाच राष्ट्रीय महामार्गाच्या, एकाच वर्गाच्या; तथापि दिशा नोंदविली नाही, तर संगणक वाहनास उलट्या दिशेने बोगद्यात घालील.

मार्ग शोधण्यासाठी प्रत्येक खंडाची लांबी त्यावरील अपेक्षित वेगाने भागून प्रवासकाल काढतात आणि ज्या मार्गाची बेरीज सर्वांत कमी तो निवडतात. या गणनेची मूळ रीत डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. खंडाचा प्रत्यक्ष वेग मोजलेला नसेल, तर वर्गावरून तो गृहीत धरतात. लांबचा मार्ग लवकर शोधता यावा म्हणून काही पद्धतींत प्रवासाच्या दोन टोकांजवळच लहान वर्गांचे रस्ते विचारात घेतात व मधल्या भागात केवळ वरच्या वर्गांचे. अशा पद्धतीत खालच्या वर्गात चुकून पडलेला रस्ता संगणकास जवळजवळ अदृश्य होतो.

ब्रिटिश वर्गांचा वारसा : स्वयंसेवकांनी मिळून तयार केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केला. त्यातील रस्त्यांचे मोटरवे, ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, अनक्लासिफाइड इ. वर्ग ब्रिटिश पद्धतीवरून आलेले आहेत. ब्रिटनमध्ये १९२० नंतरच्या दशकात रस्त्यांना ‘ए’ व ‘बी’ अशी अक्षरे मिळाली. ट्रंक रस्ते १९३६ च्या कायद्याने केंद्र शासनाकडे आले आणि पहिला मोटरवे १९५८ मध्ये प्रेस्टन येथे खुला झाला. भारतातील रस्ते या चौकटीत बसविताना द्रुतगती मार्ग मोटरवे, राष्ट्रीय महामार्ग ट्रंक, राज्यमार्ग प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग सेकंडरी, इतर जिल्हा मार्ग टर्शरी व गावांना जोडणारे रस्ते अनक्लासिफाइड असा संकेत सर्वसाधारणपणे पाळण्यात आला.

या संकेतात शब्दांमुळे तीन घोटाळे संभवतात. पहिला, लखनौ योजनेतील ‘प्राथमिक’ म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, तर नकाशातील ‘प्रायमरी’ म्हणजे राज्यमार्ग. शब्द एकच, अर्थ भिन्न. दुसरा, ‘अनक्लासिफाइड’ याचा अर्थ ‘वर्ग अज्ञात’ असा नसून सार्वजनिक रस्त्यांतील सर्वांत खालचा जोडरस्ता असा आहे. तिसरा, या नकाशात सर्व वर्गांना मिळून ‘हायवे’ हे एकच शीर्षक असून त्यात पायवाटही मोडते. इंग्रजी कायद्याच्या भाषेत हायवे म्हणजे सर्वांना जाण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट. मराठीत त्याला ‘महामार्ग’ यापेक्षा ‘हमरस्ता’ हा शब्द अधिक जवळचा आहे.

मोटरवे हा वर्ग बांधणीवरून ठरतो. ज्यावर ठराविक ठिकाणीच प्रवेश मिळतो आणि ज्याला समपातळीवर आडवा रस्ता छेदत नाही, तोच मोटरवे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग (२००२) व नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग (७०१ किमी.; पहिला टप्पा २०२२, संपूर्ण २०२५) या वर्गात बसतात. सातारा जिल्ह्यातील पुणे–बंगळूर महामार्गाला दुभाजक असला, तरी त्याला गावोगावचे रस्ते मिळतात; म्हणून तो ट्रंक वर्गात राहतो. एकाच यादीत एक वर्ग बांधणीवरून व बाकीचे मालकीवरून ठरत असल्याने यादी वरवर सलग दिसली, तरी तिची कसोटी मध्येच बदलते.

मेढा परिसराचे उदाहरण : मेढा हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असून ते वेण्णा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. साताऱ्याहून निघणारा रस्ता कण्हेर जलाशयाच्या बाजूने मेढ्यास येतो व पुढे केळघर घाट चढून महाबळेश्वरास जातो. मेढ्याहून दुसरा रस्ता कुडाळवरून पाचवड येथे पुणे–बंगळूर महामार्गास मिळतो. साताऱ्याहून महाबळेश्वरास जाण्याचा पर्यायी मार्ग महामार्गाने पाचवडपर्यंत व तेथून वाई, पसरणी घाट व पाचगणी असा आहे. पहिला मार्ग अंतराने कमी, तर दुसऱ्याचा आरंभीचा मोठा भाग चौपदरी-सहापदरी महामार्गाचा आहे.

सातारा–मेढा–महाबळेश्वर या एका रस्त्याची तीन रूपे आहेत. खोऱ्यात तो दोन तालुक्यांना जोडणारा सरळ रस्ता आहे. मेढ्याच्या वस्तीत तोच बाजाररस्ता असून त्यावर एस. टी. गाड्या, दुचाकी व पायी जाणारी माणसे एकत्र असतात. केळघरच्या पुढे तो तीव्र वळणांचा घाट होतो. प्रशासकीय वर्ग तिन्ही ठिकाणी एकच. संगणकाने वर्गावरून सर्वत्र ताशी ६० किमी. वेग धरला, तर १५ किमी.चा घाट १५ मिनिटांत संपेल असे तो सांगेल. ताशी २५ किमी. वेगाने त्याच घाटाला ३६ मिनिटे लागतात. सहलीस निघालेल्यांना हा फरक किरकोळ वाटेल. मेढ्याहून रुग्णवाहिका कोणत्या गावी किती वेळात पोहोचेल, याचा आराखडा अशाच नकाशावरून केला, तर मात्र डोंगरातील गावे प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा दवाखान्याच्या कितीतरी जवळ दिसू लागतात.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८० च्या मानकात हा मुद्दा अंकांत मांडलेला आहे. त्यानुसार राष्ट्रीय व राज्य महामार्गांचा अभिकल्प वेग सपाट प्रदेशात ताशी १०० किमी., उंचसखल प्रदेशात ८०, डोंगराळ प्रदेशात ५० व अतितीव्र उताराच्या प्रदेशात ४० किमी. धरला आहे. ग्रामीण मार्गासाठी हेच आकडे अनुक्रमे ५०, ४०, २५ व २५ आहेत. म्हणजे डोंगराळ प्रदेशातील राष्ट्रीय महामार्ग व सपाट प्रदेशातील ग्रामीण मार्ग यांचा अभिकल्प वेग एकच, ताशी ५० किमी. ठरतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील सपाट भागातील एखादा ग्रामीण मार्ग आणि सह्याद्रीतील एखादा महामार्ग यांची तुलना केल्यास वर्ग सर्वस्वी भिन्न, पण वेग सारखाच, असा प्रकार आढळतो. वर्ग हा भूस्वरूपासह वाचला तरच वेगाचा निदर्शक होतो.

पश्चिमेकडे आणखी एक अडचण येते. कोयना धरणामुळे (१९६४) निर्माण झालेल्या शिवसागर जलाशयाने जुन्या वाटा तोडल्या. जावळी तालुक्यातील बामणोली व महाबळेश्वर तालुक्यातील तापोळा या गावांच्या परिसरात आणि पलीकडील कांदाटी खोऱ्यात लाँच हे दळणवळणाचे नित्याचे साधन बनले. केवळ रस्तेच दाखविणाऱ्या नकाशात पलीकडच्या किनाऱ्यावरील वाड्या तुटलेल्या किंवा फार दूरच्या दिसतात. त्यासाठी जलमार्गाचा रेषाखंडही रस्त्यांच्या जाळ्यात घालून, त्यावरून वाहन नेता येते की केवळ माणसे, हे नोंदवावे लागते.

ऋतुमान हाही असाच वर्गाबाहेरचा गुणविशेष. बारमाही व आठमाही रस्ता हा मराठीतील जुना भेद सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात फार महत्त्वाचा आहे. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत महाबळेश्वर येथे २४ तासांत सु. ५९४ मिमी. पाऊस झाला व जिल्ह्यातील अनेक घाटरस्त्यांवर दरडी कोसळल्या. रस्त्याचा वर्ग त्यामुळे बदलत नाही, पण रस्ता बंद पडतो. म्हणून तात्पुरता अडथळा वर्गात बदल करून दाखवू नये, स्वतंत्र नोंदीने दाखवावा, असा संकेत आहे.

वर्गाचे तीन अर्थ : वरील विवेचनावरून ‘रस्त्याचा वर्ग’ या एका शब्दात तीन निराळे प्रश्न दडलेले असल्याचे दिसते. (१) प्रशासकीय वर्ग : रस्ता कोणाचा? (२) कार्यवर्ग : रस्ता कोणाला कोणाशी जोडतो? अमेरिकेत रस्त्यांचे धमनी, संकलक व स्थानिक असे कार्यानुसार भाग पाडतात. धमनीमार्गाचे काम दूरची वाहतूक वाहून नेणे, स्थानिक रस्त्याचे काम दारापर्यंत पोहोचविणे व संकलकाचे काम या दोहोंना जोडणे. (३) बांधणीवर्ग : रस्ता कसा आहे? रुंदी, पृष्ठभाग, दुभाजक, उतार व वळणे यांचा यात समावेश होतो.

हे तिन्ही वर्ग पुष्कळदा जुळतात. म्हणून एकाच नोंदीने काम भागते असा समज होतो. जेथे ते जुळत नाहीत, तेथे चूक होते. महाराष्ट्रात २०१४ नंतरच्या दशकात अनेक राज्यमार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित झाले. घोषणेच्या दिवशी प्रशासकीय वर्ग बदलतो. रुंदीकरण व्हावयास मात्र काही वर्षे लागतात. मधल्या काळात नकाशावरील जाड रेषा पाहून येणाऱ्या वाहनचालकास जुनाच अरुंद रस्ता मिळतो. याउलट प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून (२५ डिसेंबर २०००) झालेले अनेक रस्ते डांबरी व सुस्थितीत असूनही वर्गाने ग्रामीणच राहतात. शहराला वळण रस्ता झाला, की दूरची वाहतूक त्यावरून जाते आणि शहरातील जुना रस्ता कागदोपत्री वरच्या वर्गात असूनही कार्याने स्थानिक बनतो.

यावर उपाय म्हणून कार्यवर्ग मुख्य रकान्यात, शासकीय वर्ग व क्रमांक दुसऱ्या रकान्यात आणि बांधणीचे तपशील अन्य रकान्यांत ठेवावेत, असे मत मांडले जाते. शासकीय वर्गच मुख्य ठेवावा असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की तो राजपत्र, मैलाचा दगड व नामफलक यांवरून पडताळता येतो. कार्यवर्ग ठरविताना मात्र ज्याच्या त्याच्या मताला वाव मिळतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पडताळणीची सोय व प्रवाशाचा उपयोग या दोन कसोट्या एकाच रकान्याला एकाच वेळी पुऱ्या पडत नाहीत, हे या वादाचे मूळ होय.

सामान्यीकरण : प्रमाण लहान होत जाते तसे नकाशातील तपशील क्रमाने गाळण्याच्या क्रियेला सामान्यीकरण म्हणतात. राज्याच्या नकाशात राष्ट्रीय महामार्ग, जिल्ह्याच्या नकाशात राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग, तालुक्याच्या नकाशात उरलेले रस्ते असा हा क्रम असतो. एखाद्या डोंगरी भागात वरच्या वर्गाचा एकही रस्ता नसेल, तर लहान प्रमाणावर तो संपूर्ण भाग रिकामा दिसतो. एखाद्या खोऱ्यात शिरणारा एकमेव रस्ता इतर जिल्हा मार्ग असला, तरी तेथील लोकांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा होय. चांगल्या नकाशात वर्गाबरोबरच पर्यायी रस्त्याचा अभाव ही कसोटीही लावतात व असा रस्ता शक्य तितक्या लहान प्रमाणापर्यंत टिकवून ठेवतात.

नोंदी व पडताळणी : रस्त्याची रेषा उपग्रह-चित्रांवरून किंवा वाहनातील स्थाननिश्चिती-उपकरणाच्या नोंदीवरून घेता येते. मात्र वर्ग आकाशातून दिसत नाही. रुंदी व डांबर दिसले, तरी मालकी व क्रमांक दिसत नाहीत. त्यासाठी शासकीय अधिसूचना, सार्वजनिक बांधकाम विभागाचे व जिल्हा परिषदेचे रस्ते-नकाशे आणि स्थानिक पाहणी यांचा आधार घ्यावा लागतो. भारतात फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक सूचना व २०२२ चे राष्ट्रीय भूस्थानिक धोरण यांनी नकाशे तयार करण्यावरील व वापरण्यावरील पूर्वीची अनेक बंधने शिथिल केली. त्यामुळे खासगी संस्था व स्वयंसेवक यांना हे काम करणे सोपे झाले.

तरीही अखेरची पडताळणी रस्त्यावरच होते. फाट्यावरचा फलक, पावसाळ्यानंतरची रस्त्याची स्थिती, पुलावरून एस. टी. जाते की नाही आणि पाणंदीत बैलगाडीपलीकडे काही शिरते की नाही, ही माहिती त्या गावच्या माणसाकडेच असते. ती नोंदविण्यास नकाशात योग्य रकाना ठेवणे हे वर्गीकरण करणाऱ्याचे काम होय. रकाना नसला, तर माहिती असूनही नकाशात येत नाही. रकाना असून तो वर्गाच्या नावाखालीच भरला, तर एका उपयोगासाठी केलेली नोंद दुसऱ्या उपयोगात दिशाभूल करते.